तलवारीतला नॅनो आणि भात्यावरचा माणूस

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली बसतात. मध्यंतरी त्यांच्यातल्या एकाच्या मोबाईलवर एक मेसेज आला. पाश्चात्त्यांनी नॅनोतंत्रज्ञान आत्ता कुठे शोधले, आपल्या पूर्वजांच्या तलवारींत ते शेकडो वर्षांपूर्वीच होते, असा त्याचा आशय. खाली तलवारीचे चित्र आणि अभिमान वाटत असेल तर पुढे पाठवा, ही नेहमीची विनंती. लगेच दोन तट पडले. एक तट म्हणाला, खरेच आहे, परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आले आहे. दुसरा म्हणाला, पुष्पक विमानाच्या रांगेतली ही आणखी एक थाप, सोडून द्या.

आम्हाला दोन्ही तट मान्य नाहीत. पहिल्याने मूळ लेख वाचलाच नाही आणि दुसऱ्याने वाचण्याआधीच निकाल देऊन टाकला. चिकित्सा करायची तर पुरती करावी. त्या मेसेजमध्ये थोडे खरे आहे, बरेच खोटे आहे, आणि ज्या माणसांबद्दल बोलायला हवे होते त्यांच्याबद्दल एक अक्षरही नाही.

खरे काय?

2006 साली 'नेचर' या नियतकालिकात जर्मनीतल्या ड्रेस्डेन येथील पीटर पाउफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. सतराव्या शतकातल्या एका दमास्कस तलवारीचा लहानसा तुकडा त्यांनी हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. लोखंड विरघळून गेले. मागे जे उरले ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या दिसल्या. यांनाच कार्बन नॅनोट्यूब म्हणतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस ढोबळमानाने 80,000 नॅनोमीटर जाड असतो, यावरून या नळ्यांच्या बारीकपणाचा अंदाज यावा.

दमास्कस तलवारी ज्या पोलादापासून घडत ते पोलाद मोठ्या प्रमाणात दक्षिण भारतातून जात असे, हेही खरे. इंग्रजांनी त्याला 'वूट्झ' म्हटले. कन्नडमधल्या 'उक्कु' या शब्दाचा तो अपभ्रंश मानला जातो. आपल्या नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इराणी व्यापारी पोलाद घेण्यासाठी या गावापर्यंत येत होते, अशी नोंद हेन्री व्हॉयसी यांनी केली आहे. म्हणजे ही भाकडकथा नव्हे. माल इथला होता, कसब इथले होते आणि जगात त्याला मागणी होती.

मग खोटे काय?

तलवारीत नळ्या सापडल्या म्हणून तलवार घडवणाऱ्याला नॅनोतंत्रज्ञान येत होते, हे खोटे. वस्तू तयार होणे वेगळे आणि ती वस्तू माहीत असणे वेगळे. आमच्या आजीने जन्मभर दही लावले. म्हणून ती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती असे म्हणण्यात तिचा सन्मान नाही. दूध किती कोमट असावे, विरजण किती घालावे, थंडीत भांडे कशात गुंडाळावे, हे तिला अचूक कळत होते. तिचा सन्मान त्या कळण्यात आहे.

तमिळनाडूतल्या कीळडीच्या उत्खननात सापडलेल्या मडक्यांच्या काळ्या थरातही कार्बनच्या नॅनोनळ्या आढळल्याचे संशोधन 2020 साली प्रसिद्ध झाले. ती मडकी अडीच हजार वर्षांपूर्वीची. जळत्या वायूच्या काजळीतही अशा नळ्या सापडल्या आहेत. कार्बन, उष्णता आणि काही वेळा लोखंडाचा कण, एवढे जुळून आले की निसर्ग त्या तयार करतो. त्याला ना शास्त्र वाचावे लागते ना गोत्र सांगावे लागते.

आणि ज्यांच्याबद्दल अक्षरही नाही, ती माणसे?

वूट्झ पोलाद कसे होत असे त्याची वर्णने उपलब्ध आहेत. लोखंडाचे तुकडे मातीच्या मुशीत घालायचे. त्यांच्यासोबत तरवडाची लाकडे आणि रुईची किंवा तत्सम झाडाची हिरवी पाने टाकायची. मुशीचे तोंड मातीने बंद करायचे. अशा मुशी भट्टीत रचून तासन्‌तास भाता चालवायचा आणि नंतर सावकाश गार होऊ द्यायच्या. लाकडा-पानांतला कार्बन लोखंडात मुरतो, लोखंड वितळते आणि मुशीच्या तळाशी पोलादाचा गोळा बसतो. मूस फुटू नये म्हणून माती कोणती घ्यायची, आच कधी वाढवायची, गोळा केव्हा बाहेर काढायचा, या प्रत्येक गोष्टीत पिढ्यांचा अनुभव होता.

हा अनुभव कोणाचा? खाणीतून दगड काढणाऱ्याचा, कोळसा पाडणाऱ्याचा, मूस घडवणाऱ्याचा, भाता ओढणाऱ्याचा. त्या मेसेजमध्ये 'आपले पूर्वज' हा शब्द तीनदा येतो. हे पूर्वज नेमके कोण, हे मात्र एकदाही येत नाही. ज्यांनी ते काम केले त्यांना पोथी लिहिण्याचा अधिकार नव्हता. ज्यांच्या हाती पोथी होती त्यांना भट्टीजवळ बसणे कमीपणाचे वाटत होते. हाताला जे कळत होते ते लेखणीपर्यंत पोहोचले नाही आणि लेखणीला जे येत होते ते हातापर्यंत आले नाही. जातीने माणसांना वर-खाली केलेच, पण ज्ञानाचेही दोन तुकडे केले. आज त्या भट्टीचे श्रेय घ्यायला सगळे 'आपण' होतात. भट्टी पेटलेली होती तेव्हा हे 'आपण' कुठे होते, हा आमचा साधा प्रश्न आहे.

आता याच पोलादाची दुसरी गोष्ट पाहा. मुंबईत राहणाऱ्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. 1795 साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. शीर्षकात त्यांनी हे पोलाद मुंबईत तयार होते असेच लिहिले. नमुना मुंबईहून आला म्हणून माल मुंबईचा! मुशीजवळचा कारागीर इथेही गायब झाला. त्याला आपल्या पोथीने विसरले आणि साहेबाच्या निबंधानेही विसरले.

पुढे 1819 साली मायकेल फॅरडे यांनी वूट्झचे रासायनिक पृथक्करण केले. विजेच्या संशोधनामुळे फॅरडे आपल्याला माहीत आहेत, पण ते लोहाराचे पोर होते हे आमच्या किती पुस्तकांत येते? शाळा जेमतेम झालेली, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेली. बांधायला आलेली पुस्तके वाचत वाचत हा मुलगा शास्त्रज्ञांच्या व्याख्यानांपर्यंत पोहोचला आणि पुढे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोग करू लागला. इंग्लंडमध्ये वर्गभेद नव्हता असे आम्ही म्हणत नाही. तो चांगलाच होता. पण लोहाराच्या मुलाने प्रयोगशाळेला हात लावला म्हणून ती बाटली नाही.

फॅरडे यांनी वूट्झच्या गुणांचे कारण त्यातल्या ॲल्युमिनियममध्ये शोधले. ते चुकले. तरी त्या चुकीचा उपयोग झाला, कारण ती लिहिलेली होती, छापलेली होती, दुसऱ्याला तपासता येत होती. आपल्या कारागिराचे बरोबर होते, पण ते कुठेच लिहिलेले नव्हते. एकोणिसाव्या शतकात वूट्झच्या भट्ट्या विझत गेल्या. स्वस्त विलायती पोलाद आले, जुना व्यापार तुटला, लाकूडफाटा मिळेनासा झाला. विशिष्ट खनिजातली व्हॅनेडियमसारखी अल्पांश द्रव्ये या पोलादावरील नक्षीला कारण होती आणि तसे खनिज पुढे मिळाले नाही, असेही काही धातुशास्त्रज्ञ मांडतात. सगळा दोष जातीवर टाकून आम्ही मोकळे होत नाही. पण भट्टी विझल्यावर कृतीही तिच्यासोबत का विझली? विसाव्या शतकातल्या संशोधकांना ती नव्याने का शोधावी लागली? या प्रश्नाचे उत्तर लाकूडफाट्यात सापडत नाही. ते अक्षरबंदीत सापडते.

लिहिले की झाले, असेही नाही

इथे कोणी म्हणेल की नोंद केली म्हणजे श्रेय मिळते. आधुनिक विज्ञानाचा इतिहास तेवढा सरळ नाही.

1952 साली सोव्हिएत रशियात रादुश्केविच आणि लुक्यानोविच या दोघांनी लोखंडावर कार्बन मोनॉक्साइडचे विघटन करून मिळालेल्या कार्बनची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने घेतलेली छायाचित्रे प्रसिद्ध केली. सुमारे 50 नॅनोमीटर व्यासाच्या पोकळ नळ्या त्यांत स्पष्ट दिसतात. पण लेख रशियन भाषेत होता आणि शीतयुद्ध चालू होते. पश्चिमेकडे तो फारसा कोणी वाचला नाही. 1976 साली फ्रान्समध्ये काम करत असताना जपानचे मोरिनोबु एन्डो यांनी ओबर्लिन आणि कोयामा यांच्यासह अशाच नळीदार तंतूंवर लेख लिहिला. त्याचाही मोठा गाजावाजा झाला नाही. 1991 साली जपानमधल्या एनईसी कंपनीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमा यांनी विद्युत ठिणगीने तयार झालेल्या कार्बनच्या थरात या नळ्या पाहिल्या आणि 'नेचर'मध्ये लिहिले. त्यानंतर जगभर नॅनोट्यूबची लाट आली.

इजिमांनी कोणाचे चोरले असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी त्या नळ्यांची भिंत कशी रचलेली आहे, थर किती आहेत, पीळ कसा आहे, हे नीट उलगडले. शिवाय वेळही जुळून आली होती. 1985 साली कार्बनच्या 60 अणूंचा चेंडूसारखा रेणू सापडला होता आणि सगळ्यांचे डोळे कार्बनकडे लागले होते. त्या शोधनिबंधावर पाच नावे होती. 1996 चे नोबेल क्रोटो, स्मॉली आणि कर्ल या तिघांना मिळाले, कारण एक पारितोषिक तिघांपलीकडे वाटता येत नाही. हीथ आणि ओब्रायन या दोन विद्यार्थ्यांचे हात त्या यंत्रावर होते, ते यादीबाहेर राहिले.

2006 साली, तलवारीचा लेख आला त्याच वर्षी, 'कार्बन' या नियतकालिकाने संपादकीयातून उघड विचारले की नॅनोट्यूबच्या शोधाचे श्रेय नेमके कोणाला द्यायचे. फ्रान्सचे मोंतिऊ आणि रशियाचे कुझ्नेत्सोव यांनी जुने लेख धुंडाळून 1952 ची रशियन छायाचित्रे पुन्हा जगापुढे ठेवली. विज्ञानाची ही गोष्ट आम्हाला मोलाची वाटते. तिथेही अन्याय होतो, भाषेची भिंत आडवी येते, विद्यार्थ्याचे नाव गळते. पण हिशोब पुन्हा मांडण्याची सोय असते, कारण कागद शिल्लक असतो. कोनासमुद्रमच्या भात्यावरच्या माणसासाठी असे संपादकीय कोणी लिहू शकत नाही. त्याचा कागदच नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या आमच्या मुलांनी 1952 ची ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. रशियन ही काही लहान भाषा नव्हती. तिच्यामागे एक महासत्ता उभी होती. तरीही त्या भाषेतला शोध सुमारे पन्नास वर्षे बाजूला पडला. मग इंग्रजी हातात नसलेल्या पोराचे काय होत असेल? म्हणून इंग्रजी शिकाच, पण विज्ञान मराठीत आणण्याची मागणीही सोडू नका. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत.

समजण्याने काय मिळते?

नळी तयार होणे ही पहिली पायरी, ती दिसणे ही दुसरी. तिसरी पायरी समजण्याची, आणि उपकरणे तिसऱ्या पायरीवर तयार होतात.

कार्बनच्या अणूंची एक अणूभर जाडीची, मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी असते. तिला ग्राफीन म्हणतात. ही जाळी गुंडाळली की नॅनोट्यूब होते. वहीचा रेघी कागद घेऊन पाहा. तो सरळ गुंडाळता येतो, तिरका गुंडाळता येतो. गुंडाळण्याचा कोन आणि नळीचा घेर यावर ती नळी धातूसारखी वीज वाहील की सिलिकॉनसारखी अर्धवाहक होईल, हे ठरते. 1992 साली तीन गटांनी गणिताने हे आधीच सांगितले. प्रयोगाने ते नंतर सिद्ध झाले.

त्या तीन गटांपैकी एकात मिल्ड्रेड ड्रेसलहाउस होत्या. न्यूयॉर्कमध्ये स्थलांतरितांच्या गरीब घरात त्यांचे बालपण गेले. परीक्षा देऊन त्या हंटर कॉलेजच्या सरकारी शाळेत शिरल्या. पुढे हंटर कॉलेजात रोझलिन यॅलो यांनी त्यांना भौतिकशास्त्राकडे वळवले. 1968 साली त्या एमआयटीत पूर्ण प्राध्यापकपदावर कायम झालेल्या पहिल्या महिला ठरल्या आणि 2012 साली त्यांना नॅनोविज्ञानाचे कावली पारितोषिक मिळाले. गुणवत्ता रक्तातून येते म्हणणाऱ्यांनी त्यांचे चरित्र वाचावे. एक सरकारी शाळा आणि योग्य वेळी हात धरणारी एक शिक्षिका, एवढ्याने काय होते ते त्यात दिसते. आमच्या शिष्यवृत्त्या वेळेवर मिळत नाहीत तेव्हा आम्ही रस्त्यावर येतो, ते यासाठी.

हे समजल्यावर 1998 साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या सेस डेकर यांच्या गटाने एकाच नळीचा ट्रान्झिस्टर केला. त्याच वर्षी आयबीएमच्या संशोधकांनीही केला. पण एक नळी निवडून जोडणे वेगळे आणि लाखो नळ्यांची चिप करणे वेगळे. एकेरी भिंतीच्या नळ्या तयार होतात तेव्हा साधारण तिसरा हिस्सा धातूसारखा निघतो. धातूसारखी नळी ट्रान्झिस्टरमध्ये गेली की स्विच बंदच होत नाही. या एका अडचणीने वर्षे खाल्ली. 2013 साली स्टॅनफर्डमध्ये 178 ट्रान्झिस्टरचा पहिला नॅनोट्यूब संगणक चालला. 2019 साली एमआयटीत 14,000 हून अधिक ट्रान्झिस्टरचा प्रोसेसर झाला. तुमच्या मोबाईलमधल्या सिलिकॉन चिपवर मात्र अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात. म्हणजे ज्यांच्या हाती ही विद्या आहे त्यांचीही वाट अजून चालू आहे, आणि इकडे मेसेज सांगतो की आपले सगळे शेकडो वर्षांपूर्वीच झाले!

ऊर्जेच्या उपकरणांत या नळ्या आधी कामाला लागल्या. लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडमध्ये भुकटीचे कण असतात. कणाकणांत वीज नीट पोहोचावी म्हणून त्यात वाहक कार्बन मिसळतात. नॅनोट्यूब लांब आणि बारीक असल्याने थोड्याशा प्रमाणातही त्या कणांना जाळ्यासारख्या जोडतात. एन्डो यांच्या पद्धतीतून निघालेले कार्बन तंतू याच कामासाठी बॅटरीत वापरात आले. 1976 च्या ज्या लेखाची फारशी दखल घेतली गेली नाही, त्याचे पुढे असे चीज झाले.

आणि ती धूळ कोणाच्या छातीत?

आता पुन्हा भात्यावरच्या माणसाकडे येऊ. त्याच्या जागी आज कारखान्यातला कामगार आहे.

नॅनोट्यूब लांब, बारीक आणि टणक. ॲस्बेस्टॉसचे तंतूही तसेच असतात. 2008 साली 'नेचर नॅनोटेक्नॉलॉजी'त एक संशोधन आले. लांब नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत टाकल्यावर ॲस्बेस्टॉससारखीच दाहाची प्रतिक्रिया झाली होती. 2013 साली अमेरिकेच्या निओश या कामगार-आरोग्य संस्थेने हवेत घनमीटरमागे एक मायक्रोग्रॅम इतकी कमी मर्यादा सुचवली. 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने एमडब्ल्यूसीएनटी-7 हा एक विशिष्ट प्रकार माणसाला कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेल्या 2बी गटात टाकला. बाकीच्या प्रकारांबाबत पुरावा अपुरा म्हणून निर्णय दिला नाही. बॅटरीत बंद असलेली नळी मोबाईल वापरणाऱ्याला धोका देते असा याचा अर्थ कोणी काढू नये. प्रश्न कोरडी भुकटी हाताळणाऱ्याचा, गोणी उघडणाऱ्याचा, यंत्र झाडणाऱ्याचा आणि उद्या भंगारात ती बॅटरी फोडणाऱ्याचा आहे.

भारत सरकारने 2007 साली पाच वर्षांसाठी 1000 कोटींचे नॅनो मिशन सुरू केले. चांगले केले. विज्ञानावर खर्च झालाच पाहिजे. पण आपल्या देशात ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे अजूनही विकले जातात, आणि त्यांच्याखाली राहणारी माणसे कोणत्या वस्त्यांतली आहेत हे आम्ही दारोदार फिरताना रोज पाहतो. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत जगाला उशिरा जाग आली. नॅनोट्यूबच्या बाबतीत धोक्याचा इशारा आधी मिळाला आहे. तो कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचतो की नाही, हे विचारणे आपले काम आहे. गटारात उतरणाऱ्याला मास्क न देणारी व्यवस्था नॅनोभुकटी उचलणाऱ्याला आपणहून देईल, या भ्रमात आम्ही नाही.

आम्हाला देशद्रोही ठरवण्याची घाई असणाऱ्यांना एवढेच सांगतो. वूट्झचा अभिमान आम्हालाही आहे, कदाचित तुमच्यापेक्षा थोडा जास्तच, कारण आमचा अभिमान भट्टीपासून सुरू होतो. खरा सन्मान करायचा असेल तर मुशीच्या मातीचा, तरवडाच्या लाकडाचा आणि भाता ओढणाऱ्याचा इतिहास पाठ्यपुस्तकात येऊ द्या. त्या कारागिरांच्या आणि आमच्या मुलींना धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा द्या, शिष्यवृत्ती वेळेवर द्या. नॅनोच्या कारखान्यात कंत्राटी कामगाराच्या नाकावर योग्य मास्क आणि हवेत मोजणी यंत्र असू द्या.

अभ्यासिकेतल्या मुलांना आम्ही तो मेसेज पुसायला सांगितला नाही. त्यांनी 2006 चा मूळ लेख शोधून काढला आणि शब्दकोश घेऊन दोन संध्याकाळी तो वाचला. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच ग्रुपवर उत्तर टाकले: तलवारीत नळ्या होत्या हे खरे, पण घडवणाऱ्याचे नाव कळवा. अजून कोणी कळवलेले नाही.

जय भीम.